पोवळे समुद्रातच राहू द्या

अंगठीतले लाल पोवळे तुम्ही पाहिले असेल. पुष्कळ लोक त्याला दगडच समजतात. पण तो दगड नाही. समुद्रात खडकाला चिकटून बारीक बारीक प्राणी राहतात, त्यांना प्रवाळ म्हणतात. लाल पोवळ्याच्या प्रत्येक प्राण्याला इवले इवले आठ हात असतात. पाण्यातून येणारे जीव धरून तो खातो. हे प्राणी मिळून चुन्याचा सांगाडा करतात. तोच सांगाडा तोडून, घासून अंगठीत बसवतात.

आपल्याकडे आडसाली ऊस दीड वर्षात तोडणीला येतो. तोडला तरी खोडवा फुटतो. पोवळ्याचे तसे नाही. त्याची फांदी एका वर्षात एक मिलिमीटरसुद्धा जाड होत नाही. खोल, अंधाऱ्या समुद्रातले काळे प्रवाळ तर त्याहून सावकाश वाढते. हवाई बेटांजवळच्या एका काळ्या प्रवाळाचे वय शास्त्रज्ञांनी २००९ साली ४,००० वर्षांच्या वर सांगितले. शिवाजी महाराज १६३० साली जन्मले, तेव्हाच ते साडेतीन हजार वर्षांहून म्हातारे होते! आपल्या देशात काळे प्रवाळ २००१ पासून कायद्याने वाघाच्याच यादीत आहे. ते काढायला आणि विकायला बंदी आहे.

लाल पोवळे मात्र भूमध्य समुद्रातून, जपानकडून येते आणि दुकानात मिळते. आमच्या काकाच्या लग्नाआधी त्याला मंगळासाठी पोवळ्याची अंगठी करायचे घरात चालले आहे. मला ते पटत नाही. मंगळ तिकडे आभाळात. त्याच्यासाठी समुद्रातल्या मुक्या जिवाचे घर कशाला मोडायचे? आजी म्हणाली, "आपण एकट्यानं नाही घेतलं तर काय फरक पडतोय?" मी म्हणाले, "गिऱ्हाईकच नसलं तर कोण कशाला बुडी मारील?"

आजीच्या गळ्यातली जुनी माळ टाकून द्या असे मी म्हणत नाही. पण नवीन पोवळे घेऊ नये असे माझे मत आहे. मालवणला सिंधुदुर्ग किल्ल्याजवळच्या समुद्रातही प्रवाळ आहेत. सहलीला गेलात तर डोळे भरून बघा, पण तुकडा खिशात घालू नका. आणि पालकांनो, सोनाराकडे जाल तेव्हा एवढे वाचलेले लक्षात ठेवा, ही विनंती.

– एक विद्यार्थिनी, इयत्ता चौथी