मुंबईच्या म्युझियममध्ये वाड्याचं लाकूड काय करतंय?

मुंबईत काळाघोड्याजवळ झाडांमागून एक मोठा पांढरा घुमट दिसतो. ते छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय, म्हणजे जुनं प्रिन्स ऑफ वेल्स म्युझियम. इमारत ब्रिटिश वास्तुविशारद जॉर्ज विटेट याची. गेटवे ऑफ इंडियाही त्याचाच. पण आत शिरून मान वर केली की लातूर-मुरुडच्या माणसाला ओळखीचं बरंच काही सापडतं.

घुमटाचा नमुना गोवळकोंड्याचा आहे. आतल्या कमानी विजापूरच्या गोलघुमटावरून घेतल्यात. चौकोनी खोलीवर गोल घुमट बसवायचा तर कोपऱ्यांचं काय करायचं, हा जुना पेच. विजापूरच्या कारागिरांनी एकमेकींना छेदणाऱ्या कमानी उभारल्या. त्यांनी चौकोनाचा अष्टकोन केला आणि त्यावर घुमट टेकवला. इंजिनिअरिंगला चार वर्षं काढूनही मला हे गोलघुमटाखाली उभं राहिल्यावरच नीट कळलं.

मधल्या दालनात १८व्या शतकातल्या मराठा वाड्याचे लाकडी खांब, कठडे आणि सज्जा आहे. बाहेरचा करडा दगड कुर्ल्याचा, पिवळसर दगड मालाडचा.

पायाभरणी ११ नोव्हेंबर १९०५ची. विटेटचा आराखडा १९०९च्या खुल्या स्पर्धेतून निवडला गेला. १९१४मध्ये इमारत उभी राहिली आणि महायुद्ध सुरू झालं. मग तिथे लष्करी इस्पितळ आलं. संग्रहालय म्हणून दारं उघडली ती १० जानेवारी १९२२ला.

आता आपल्याकडचं. दगडी भिंत म्हटली की लातूर जिल्ह्यात ३० सप्टेंबर १९९३ची पहाट आठवते. दोष दगडाचा नव्हता. ओबडधोबड दगड मातीत रचलेले, भिंतीच्या आतल्या आणि बाहेरच्या पदराला बांधणारा आरपार दगड नाही, वर माळवदाचं ओझं. हादऱ्यात पदर सुटले आणि भिंती कोसळल्या. पण जिथे लाकडी खणांचा सांगाडा भक्कम होता, तिथे अनेकदा भिंत पडूनही खण उभे राहिले. एवढं असूनही नंतर गावोगाव ठपका बसला तो सरसकट जुन्या बांधकामावर.

तेव्हापासून वाडे उतरवणं सुरूच आहे. वाटण्या होतात, दुरुस्ती परवडत नाही. कोरीव तुळया आणि दारं व्यापारी उचलतो आणि ती शहरातल्या एखाद्या हॉटेलात लागतात. विकणाऱ्याला दोष देण्यात अर्थ नाही, पोरांच्या फीला पैसे लागतातच. खटकतं ते हे की वाडा जातो तेव्हा त्याचा साधा नकाशाही मागे राहत नाही. मुंबईत तेच लाकूड तिकीट काढून बघायचं.

यासाठी सरकारी योजनेची वाट बघायची गरज नाही. मुरुडपासून ढोकीमार्गे जवळच असलेल्या तेरमध्ये रामलिंगप्पा लामतुरे यांनी गावात सापडणाऱ्या जुन्या वस्तू जमवल्या. तिथलं शासकीय संग्रहालय आज त्यांच्याच नावाचं आहे. आपल्या तालुक्यात सिव्हिल शिकणारी पोरं आहेत, पॉलिटेक्निकच्या प्रोजेक्टला विषयही हवे असतात. वाडा उतरवायच्या आदल्या आठवड्यात टेप घेऊन गेलं, खण मोजले, जोडांचे फोटो काढले आणि घरातल्या म्हाताऱ्यांना कुठली खोली कशाची होती ते विचारून घेतलं, तर दोन दिवसांत काम होतं. मोबाइल तर प्रत्येकाच्या खिशात आहेच.