स्वस्त छताची उधारी

एखादी वस्तू स्वस्त आहे असे जेव्हा म्हटले जाते, तेव्हा तिच्या किमतीचा काही भाग दुसऱ्याच कोणाच्या नावावर मांडलेला नाही ना, हे तपासण्याची प्रथा बाजारात नाही. गिऱ्हाईक आपल्या खिशातून गेलेला पैसा पाहते, विक्रेता गल्ल्यात आलेला पैसा पाहतो, आणि व्यवहार पुरा झाला असे दोघेही समजतात. परंतु घरासारखी वस्तू पन्नास-साठ वर्षे टिकते. तिच्या उभारणीत केलेली काटकसर कधी कधी तितक्याच वर्षांनी सव्याज वसूल होते, आणि ज्याच्याकडून ती वसूल होते त्याचा मूळ व्यवहाराशी काडीचाही संबंध नसतो. अमेरिकेतील जुन्या घरांच्या छतांचा प्रश्न हे याचे बोलके उदाहरण आहे. वरवर पाहता तो रंगसफेदीचा किरकोळ प्रश्न वाटतो. वस्तुतः तो सार्वजनिक धोरणाचा प्रश्न आहे, आणि त्यापासून धडा घेण्याची भारताची वेळ अद्याप टळलेली नाही.

दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकेत घरबांधणीला जो वेग आला, त्यात खोल्यांची छते जिप्समच्या तयार फळ्यांनी करण्याची पद्धत रूढ झाली. फळ्या जोडल्या की सांधे दिसतात. ते भरून, घासून, सपाट करून मग रंग द्यावयाचा, हे कसबी कारागिराचे आणि वेळखाऊ काम होय. ते टाळण्यासाठी छताच्या आतल्या बाजूवर यंत्राने खडबडीत लेपाचा फवारा मारण्याची युक्ति निघाली. सांधे झाकले जात, खोलीत आवाज कमी घुमे, आणि मुख्य म्हणजे मजुरी वाचे. वाळलेला लेप लाह्या चिकटवल्यासारखा दिसे, म्हणून लोक त्याला ‘पॉपकॉर्न सीलिंग’ म्हणू लागले. ब्रिटनमध्येही त्याच सुमारास ‘आर्टेक्स’ या नावाने ओळखला जाणारा नक्षीदार लेप घरोघर पोहोचला. लेपाला बळकटी यावी म्हणून दोन्ही देशांत बऱ्याचदा त्यात अ‍ॅस्बेस्टॉसचे तंतू मिसळले जात.

अ‍ॅस्बेस्टॉस हे खनिज आगीला दाद देत नाही आणि स्वस्तही असते. मात्र त्याचे अतिसूक्ष्म तंतू श्वासावाटे फुफ्फुसात गेले की ते तेथून निघत नाहीत. फुफ्फुसांचा कर्करोग, त्यांच्या आवरणाचा मेसोथेलिओमा हा कर्करोग आणि दम कोंडणारा अ‍ॅस्बेस्टॉसिस हे त्याचे परिणाम होत. मेसोथेलिओमा तर वीस ते पन्नास वर्षांनी प्रकट होतो. पांढऱ्या अ‍ॅस्बेस्टॉससह त्याचे सर्व प्रकार कर्करोगकारक आहेत, असा जागतिक आरोग्य संघटनेचा निःसंदिग्ध निर्वाळा आहे.

खरवडण्याचा हिशेब

असे छत जागच्या जागी, न फुटता, न ओलावता राहिले तर त्यापासून फारसा धोका नाही. म्हणून चांगल्या स्थितीतील लेपाला हात लावू नये, असाच सल्ला तेथील सरकारी यंत्रणा देतात. अडचण सुरू होते ती छत गळू लागले, भिंत पाडावयाची झाली किंवा घर विकावयाचे झाले म्हणजे. प्रथम लेपाचे नमुने प्रयोगशाळेत पाठवून सूक्ष्मदर्शकाखाली तपासावे लागतात, कारण नुसत्या डोळ्यांनी अ‍ॅस्बेस्टॉस ओळखता येत नाही. ते नसेल तर काम कष्टाचे परंतु साधे असते : सामान बाहेर काढावयाचे, जमीन व भिंती प्लॅस्टिकने झाकावयाच्या, लेप पाण्याने भिजवावयाचा आणि रुंद पट्टीने खरवडावयाचा. मध्यंतरी कोणी त्यावर तैलरंग दिलेला असेल तर पाणी मुरत नाही आणि श्रम दुणावतात.

अ‍ॅस्बेस्टॉस निघाले तर मात्र सारेच बदलते. खोली हवाबंद करावी लागते. आतली हवा गाळण्यांतून ओढून घेणारी यंत्रे अहोरात्र चालवावी लागतात, म्हणजे एकही तंतू शेजारच्या खोलीत जाऊ नये. मजुरांना संपूर्ण अंग झाकणारे कपडे आणि श्वसनरक्षक मुखवटे लागतात. निघालेला ओला कचरा दुहेरी पिशव्यांत बंद करून त्यासाठी परवाना असलेल्या जागीच पुरावा लागतो, आणि अखेरीस हवेची तपासणी होते. साध्या छताचा दर चौरस फुटास एक-दोन डॉलरपासून सुरू होतो. अ‍ॅस्बेस्टॉस असेल तर तो कित्येक पटींनी चढतो. हजार चौरस फुटांच्या घराला दोन डॉलरच्या दराने दोन हजार डॉलर लागतील, तर दहा डॉलरच्या दराने दहा हजार. यातली खरी गंमत पुढेच आहे. लेप निघाल्यावर उघडे पडलेले सांधे भरून, घासून, गुळगुळीत करून रंगवावेच लागतात. म्हणजे पन्नास वर्षांपूर्वी जे काम टाळून पैसे वाचवले, तेच काम शेवटी करावे लागते. वाचले काहीच नाही. केवळ खर्च पुढे ढकलला गेला आणि वाटेत तो फुगला.

उशिरा जागा झालेला कायदा

हे अज्ञानातून घडले असे म्हणता येत नाही. ब्रिटनमध्ये १९३० साली सरकारी वैद्यकीय अहवालाने अ‍ॅस्बेस्टॉस कामगारांच्या फुफ्फुसविकारावर बोट ठेवले होते आणि पुढच्याच वर्षी कारखान्यांसाठी नियम झाले होते. १९६४ साली डॉ. आयर्विंग सेलिकॉफ यांनी न्यूयॉर्क परिसरातील उष्णतारोधन कामगारांच्या पाहणीतून कर्करोगाचे प्रमाण जगापुढे मांडले. तरीही अमेरिकेत फवाऱ्याच्या आगरोधक लेपांवर बंदी आली ती १९७३ साली, आणि शोभेच्या लेपांवर १९७८ साली. ब्रिटनने पांढऱ्या अ‍ॅस्बेस्टॉसवर बंदी घालण्यास १९९९ साल उजाडले.

अमेरिकेतील पुढचा अध्याय अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्यांनी मुद्दाम अभ्यासावा असा आहे. १९८९ साली तेथील पर्यावरण संरक्षण संस्थेने अ‍ॅस्बेस्टॉसच्या बहुतेक वस्तू टप्प्याटप्प्याने बंद करणारा नियम केला. १९९१ साली न्यू ऑर्लिन्सच्या संघराज्य अपील न्यायालयाने त्याचा बराचसा भाग रद्द केला. न्यायालयाच्या आक्षेपांपैकी एक असा होता की, खर्चाची आजची किंमत काढताना जी वजावट लावली, ती भविष्यात वाचणाऱ्या प्राणांच्या बाबतीतही लावावयास हवी होती. हिशेबाच्या दृष्टीने यात विसंगती नाही. परंतु दहा टक्के दराने चाळीस वर्षांनंतरच्या शंभर रुपयांची आजची किंमत सव्वादोन रुपयेदेखील भरत नाही. ज्या रोगाला प्रकट होण्यासच चाळीस वर्षे लागतात, तो रोग अशा कोष्टकात जवळजवळ दिसेनासा होतो. पांढऱ्या अ‍ॅस्बेस्टॉसवरील बंदीचा नवा नियम त्या देशात जाहीर होण्यास मार्च २०२४ उजाडले, यावरून या दिरंगाईची कल्पना येईल.

बिल कोणाच्या नावावर?

दरम्यान उत्पादकांचे काय झाले? जॉन्स-मॅनव्हिल या अमेरिकेतील सर्वांत मोठ्या अ‍ॅस्बेस्टॉस कंपनीने ऑगस्ट १९८२ मध्ये दिवाळखोरीचा अर्ज केला. त्या दिवशी तिचा धंदा बुडालेला नव्हता. पुढे येणाऱ्या दाव्यांची रक्कम तिला पेलणारी नव्हती. रुग्णांसाठी १९८८ साली विश्वस्त निधी स्थापन झाला खरा, पण दावेदार इतके निघाले की मान्य झालेल्या रकमेचा लहानसा हिस्साच त्यांच्या हाती पडू लागला. घराच्या मालकाला तर तेवढाही आधार नाही. अमेरिकेचे संघराज्यीय नियम शाळा, कचेऱ्या आणि मोठ्या इमारतींना लागू आहेत. चार किंवा त्याहून कमी बिऱ्हाडांची घरे त्यांतून सामान्यतः वगळली आहेत. १९८६ च्या कायद्याने शाळांना तपासणी करून तिचा आराखडा पालक व शिक्षकांसाठी खुला ठेवणे बंधनकारक केले. मुले शाळेतून ज्या घरी परततात त्या घरांना मात्र असे संरक्षण मिळाले नाही. परिणामी ज्याच्याजवळ पैसा आहे तो तज्ज्ञांना बोलावतो, आणि ज्याच्याजवळ नाही तो सुटीच्या दिवशी शिडीवर चढून स्वतःच छत खरवडतो. स्वस्त छताचे शेवटचे बिल असे बहुधा सर्वांत दुबळ्या मालकाच्या छातीत जमा होते.

याला अपवाद आहे, पण तोही दिलासा देणारा नाही. ऑस्ट्रेलियाची राजधानी कॅनबेरा येथे १९६८ ते १९७९ या काळात एका ठेकेदाराने हजारावर घरांच्या माळ्यांवर सुटे अ‍ॅस्बेस्टॉस पसरले. उष्णता रोखण्याचा तो स्वस्त उपाय होता. १९८८ ते १९९३ या काळात सरकारी खर्चाने ते काढण्यात आले आणि प्रश्न मिटला असे सर्वांनी मानले. वीस वर्षांनी भिंतींच्या पोकळीत तंतू शिल्लक असल्याचे आढळले. अखेर २०१४ साली केंद्र सरकारकडून शंभर कोटी डॉलरचे कर्ज घेऊन तेथील स्थानिक सरकारने ही घरे विकत घेऊन पाडण्याची योजना हाती घेतली. मजुरीच्या नव्हे, मालाच्या स्वस्ताईतून निर्माण झालेला हा खर्च एकदा नव्हे, दोनदा भरावा लागला.

आपल्या डोक्यावरचे पत्रे

भारतीय घरांत लाह्यांची छते नाहीत. परंतु ज्यांना आपण सहजपणे ‘सिमेंटचे पत्रे’ म्हणतो, ते पन्हळी पत्रे बव्हंशी अ‍ॅस्बेस्टॉस आणि सिमेंट यांच्या मिश्रणाचे आहेत. चाळी, झोपड्या, गोठे, गुदामे, कारखान्यांच्या शेड आणि कित्येक शाळांचे वर्ग त्यांनीच झाकले आहेत. आपल्या देशाने १९८६ नंतर अ‍ॅस्बेस्टॉसचे नवे खाणपट्टे देणे थांबविले आणि १९९३ साली जुन्यांचे नूतनीकरणही थांबविले. आयात मात्र चालू ठेवली. स्वतःच्या सार्वजनिक इमारतींतून अ‍ॅस्बेस्टॉस काढण्यावर पैसा खर्च करणारा कॅनडा २०११ च्या सुमारास खाणी बंद पडेपर्यंत ते आपल्याला विकत होता. २०१८ साली त्याने स्वदेशात बंदी घातली. आपण रशियासारख्या देशांकडून माल घेत राहिलो, आणि आज जगातील सर्वांत मोठ्या आयातदारांत आपली गणना होते.

पत्र्यांची बाजू घेणारे म्हणतात की, सिमेंटमध्ये तंतू घट्ट बसलेले असतात आणि गरिबाला याहून स्वस्त व टिकाऊ छप्पर मिळत नाही. यात तथ्यांश आहे. गवताचे छप्पर जळते, लोखंडी पत्रा तापतो आणि गंजतो. परंतु पत्रा करवतीने कापला जातो, त्याला भोके पाडली जातात, तो वादळात फुटतो आणि जुना झाला की मजूर हातोड्याने त्याचे तुकडे करून भरावात टाकतो. टिकाऊपणाचा युक्तिवाद हा पत्रा उतरवण्याच्या दिवसापाशी येऊन थांबतो, आणि त्या दिवसाचा खर्च विक्रीच्या किमतीत कोठेही मांडलेला नसतो. ‘क्लेमान्सो’ या फ्रेंच विमानवाहू नौकेची कथा येथे आठवते. अ‍ॅस्बेस्टॉसने भरलेली ही नौका २००५ च्या अखेरीस मोडीसाठी गुजरातमधील अलंगकडे निघाली, कारण येथील मजूर स्वस्त होता. निषेध झाला, फ्रान्सने २००६ मध्ये ती परत बोलावली आणि शेवटी ती ब्रिटनमध्ये मोडण्यात आली. परदेशी जहाजाबाबत आपण जी जागरूकता दाखविली, ती आपल्याच छपरांबाबत दाखविलेली नाही.

मग करावे काय? उद्याच सर्व पत्रे काढा, असे म्हणणे हा अविचार होईल. नियम नसताना घाईने पत्रे काढले तर मजुरांच्या फुफ्फुसांची हानी अधिकच होईल. पहिली गोष्ट म्हणजे मोजणी. २०११ च्या जनगणनेत छपरांच्या वर्गवारीत लोखंडी, धातूचे आणि अ‍ॅस्बेस्टॉसचे पत्रे एकाच रकान्यात मोडतात. म्हणजे जो प्रश्न सोडवावयाचा त्याचा आकारच आपल्याजवळ नाही. दुसरी गोष्ट, प्राधान्य. सरकारी व अनुदानित शाळांच्या छपरांची तपासणी प्रथम व्हावी, आणि फुटलेले पत्रे ओले करून, न मोडता, प्रशिक्षित माणसांकडून उतरवले जावेत. तिसरी आणि सर्वांत महत्त्वाची गोष्ट म्हणजे किंमत. जोवर या मालाची आयात चालू आहे, तोवर प्रत्येक टनावर आकार बसवून तो केवळ पत्रे उतरवण्यासाठी व कामगारांच्या उपचारासाठी राखून ठेवावा. पत्रा त्यामुळे महाग होईल, आणि तो व्हावाच. पर्यायी छपरे आज महाग दिसतात याचे एक कारण हेच की अ‍ॅस्बेस्टॉसची खरी किंमत कधी सांगितलीच गेलेली नाही. गरिबाला त्याची झळ लागू नये म्हणून पर्यायी छपरांना अनुदान द्यावे. त्याच्या घरावर स्वस्त विष ठेवून त्यालाच सवलत म्हणू नये.

सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी १९९५ मध्ये अ‍ॅस्बेस्टॉस कामगारांच्या आरोग्याचा हक्क हा जगण्याच्याच हक्काचा भाग ठरविला, आणि त्यांच्या वैद्यकीय नोंदी नोकरी लागल्यापासून चाळीस वर्षे किंवा निवृत्तीनंतर पंधरा वर्षे, यांपैकी जी मुदत नंतर संपेल तोवर जपण्याचा आदेश दिला. या मालाचा हिशेब किती लांबवर ठेवावा लागतो, हे न्यायालयाने ओळखले होते. कामगाराच्या नोंदींना लावलेला हा नियम छपरांनाही लावण्यास हरकत असू नये. आज बसवल्या जाणाऱ्या प्रत्येक पत्र्याखाली पुढची चाळीस वर्षे कोणी तरी राहणार आहे, शिकणार आहे, आणि शेवटी कोणा तरी मजुराला तो उतरवावा लागणार आहे. अमेरिकेच्या घरमालकांना हा खर्च छत खरवडताना कळला. आपल्याला तो पत्रा विकत घेतानाच कळला पाहिजे.