मार्च म्हणजे नुसता ठेका नव्हे

१/ जालना जिल्ह्यातील असई येथे २३ सप्टेंबर १८०३ रोजी शिंदे-भोसले आणि आर्थर वेलस्ली यांची सैन्ये भिडली. दोन्ही बाजूंना युरोपीय धर्तीची कवायती पायदळे होती. पुढे जालन्यात लष्करी छावणीही नांदली. पावलाला ताल देणारे संगीत या भूमीला नवे नाही.

२/ तरीही वरातीपुढचा बँड आज डीजेपुढे हटतो आहे, आणि सुशिक्षित मंडळी म्हणतात, "गेले ते बरे, मार्च म्हणजे पाय आपटण्याची सोय, संगीत नव्हे." हे मत तीन आक्षेपांवर उभे आहे आणि तिन्ही पोकळ आहेत.

३/ आक्षेप पहिला : चालण्यासाठी रचलेले संगीत दुय्यम. मग वारीच्या वाटेवर टाळ-मृदंगाच्या साथीने गायल्या जाणाऱ्या अभंगांचे काय? तेथे पाऊल आणि स्वर एकत्र चालतात, म्हणून अभंगाची प्रतिष्ठा कोणी कमी केलेली नाही.

४/ आक्षेप दुसरा : सारे एकसुरी. मार्चमध्ये ताल स्थिर असतो, स्वररचना नव्हे. 'ट्रायो' या भागात बहुधा मूळ मध्यमालाच षड्ज मानून नवी चाल सुरू होते. आपले गायक काही धून-रागांत असेच करतात. सूझाच्या 'द स्टार्स अँड स्ट्राइप्स फॉरेव्हर' (१८९६) या मार्चच्या अखेरीस मुख्य चाल, वर पिकोलोची नक्षी आणि खाली ट्रॉम्बोनची प्रतिचाल एकाच वेळी ऐकू येतात.

५/ आक्षेप तिसरा : ही गुलामीची खूण. हार्मोनियम आणि व्हायोलिनही परदेशीच होती. २५ ऑगस्ट १९४८ रोजी पंडित नेहरूंनी संविधान सभेत राष्ट्रगीताविषयी निवेदन केले, तेव्हा चाल वाद्यवृंदाला आणि बँडला पेलते का, हा विचार त्यात होता. मास्टर कृष्णराव फुलंब्रीकरांनी 'वंदे मातरम्'ला झिंजोटीत बांधले आणि ती चाल बँडवर वाजू शकते, हे सप्रयोग दाखवले. निवड 'जन गण मन'ची झाली. परंतु रागसंगीतात मुरलेल्या या कलावंताने बँडची कसोटी हीन मानली नाही.

६/ प्रत्येक मार्च थोर असतो, असे नाही; प्रत्येक बंदिश तरी कुठे असते? मात्र चालता चालता, उन्हात, श्वास सांभाळून सुरात वाजवणाऱ्या वादकाला 'गोंगाट' म्हणून घरी पाठवायचे आणि त्याच्या जागी भिंती हादरवणारे ध्वनिक्षेपक आणायचे, याला अभिरुची म्हणता येणार नाही. जालन्याच्या वरातीत बँड उरला, तर हे कसब पुढच्या पिढीच्या ओठी आणि बोटी उरेल.