लिमिट वाढव, चालेल!

आपल्या कॉलेजात प्रोग्रॅम अडला की एकच रामबाण औषध सांगतात : "लिमिट वाढव." माझं मराठी कॉन्व्हेंटचं, तेव्हा ऱ्हस्व-दीर्घाला खुशाल हसा, पण मुद्दा ऐका.

मेस डिपॉझिटच्या परताव्याची यादी काढायचं काम रेक्टर मॅडमनी मला दिलं. ६०० जण, रोज दोन जेवणं, दहा महिने. म्हणजे कार्डाच्या सुमारे ३,६०,००० नोंदी. मी पीएचपीत 'सिलेक्ट स्टार' लिहिलं, फेच-ऑल करून सगळं एका अ‍ॅरेत भरलं आणि मग बेरीज. माझ्या लॅपटॉपवर ५० नोंदींवर झकास चाललं. ऑफिसच्या मशीनवर पांढरं पान! लॉगमध्ये लिहिलेलं : १३,४२,१७,७२८ बाइट संपले. म्हणजे १२८ एमबी, पीएचपीची नेहमीची मर्यादा.

हिशोब सोपा होता, पण आधी केला कोणी? पाच कॉलमच्या एका ओळीचा अ‍ॅरे पीएचपीत ५०० बाइटच्या आसपास जातो. गुणा ३,६०,००० ने. अठरा कोटी बाइट!

एका सीनियरने सल्ला दिला, "५१२ कर." केलं. यादी आली. मी खूश. दुसऱ्या दिवशी लिंक नोटीस बोर्डवर लागली आणि नाश्त्यानंतर सगळ्यांनी ती एकदम उघडली. मेमरी लिमिट ही एका स्क्रिप्टची असते, अख्ख्या मशीनची नाही, हे मला तेव्हा कळलं. वीस जणींनी पान उघडलं की वीस वेळा अठरा कोटी बाइट. चार जीबीचं बिचारं मशीन झोपलं ते झोपलंच.

शेवटी क्लार्क काकांनी रजिस्टरवरून हाताने यादी केली. त्यात माझ्या रूममेटचे, ती गावी असतानाचे ११ दिवस लागले. कार्डाच्या नोंदीत ते नव्हते, पण कार्डाची यादी होती कुठे? परीक्षेच्या फॉर्मचे पैसे तिने माझ्याकडून उसने घेतले, वर थँक्यू म्हणाली. मला मान वर करवेना.

मग बसले दुरुस्तीला. फेच-ऑल काढून व्हाइल लूपमध्ये एकेक ओळ घेतली. मेसच्या मावशी तरी कुठे चाळीस पोळ्या एकदम ताटात टाकतात? एक संपली की दुसरी. मेमरी बरीच उतरली, पण हवी तेवढी नाही. कारण साधी मायएसक्यूएलआय क्वेरी सगळा निकाल आधीच पीएचपीकडे आणून ठेवते; आपण फक्त त्यातून एकेक उचलतो. खरोखर एकेक हवी तर 'यूज रिझल्ट' सांगावं लागतं. ते सांगितलं, तर 'कमांड्स आउट ऑफ सिंक'! लूपच्या आत मी प्रत्येकीचं नाव शोधायला दुसरी क्वेरी मारत होते, आणि पहिलीच्या ओळी संपेपर्यंत त्याच कनेक्शनवर दुसरी चालत नाही. नाव जॉइनमध्ये घेतलं, सुटलं.

एवढं झाल्यावर ट्यूब पेटली. मला ३,६०,००० ओळी हव्याच कशाला होत्या? प्रत्येकीची एक बेरीज हवी होती. डेटाबेसलाच 'काउंट' आणि 'ग्रुप बाय' सांगितलं. ६०० ओळी आल्या. मेमरीचा प्रश्नच उरला नाही.

आता माझं स्पष्ट मत, आणि स्टाफने रागावू नये. ओएसच्या व्हायव्हात आम्ही पेजिंग-सेगमेंटेशन धडाधड म्हणतो. प्रोजेक्टच्या डेमोत मात्र दहा ओळींचं टेबल असतं, आणि "बाई गं, तीन लाख ओळी आल्या तर त्या राहणार कुठे?" असं कोणी विचारत नाही. दहा ओळींवर काहीही चालतं. मार्क द्यायच्या आधी एकदा टेबलात लाखभर खोट्या नोंदी भरा. लूप लावून दोन मिनिटांत भरतात. आमच्यातले निम्मे तिथेच आडवे होतील, मी पहिली. पण लॅबमध्ये आडवं होणं परवडतं. तिथे कोणाचा परतावा अडत नाही.

रूममेटचे ११ दिवस मॅडमनी नवी यादी पाहून परत दिले. लिमिट पुन्हा १२८ वर आणलंय. सीनियरला अजून सांगितलेलं नाही.