परवान्याची बंदूक
१९९१च्या दुरुस्तीने वन्यजीव कायदा कडक झाला आणि मावळ-खेडच्या माळांवरची तित्तराची शिकारही संपली. छऱ्याची बंदूक उरली ती उडत्या चकत्या टिपणाऱ्या ट्रॅप नेमबाजांकडे आणि पिंपरी-चाकणसारख्या पट्ट्यातल्या परवानाधारकांकडे. नेमबाज पाळी येईपर्यंत बंदूक मधोमध उघडी, नळ्या रिकाम्या दिसतील अशी धरतो. काडतूस चढते ते जागेवर उभे राहिल्यावरच. काही परवानाधारक मात्र वरातीतही भरलेली बंदूक मिरवतात. स्वसंरक्षणाची बंदूक भरलेलीच हवी, हा आक्षेप घरापुरता समजू शकतो; पण वरातीत शत्रू कोण, व्याही? २०१६च्या नियमांत सुरक्षा-प्रशिक्षण आले, २०१९च्या दुरुस्तीने आनंदाच्या भरातल्या गोळीबाराला २ वर्षांपर्यंत कैद ठेवली. तरी सवय कलमांनी लागत नाही. पोलिस आयुक्तालयाने परवान्याच्या नूतनीकरणावेळी कागदांबरोबर अर्जदाराचा हातही तपासावा.