इंजिनाने बिघडावे तरी कसे?

नाशिकजवळच्या ओझर येथे जोडणी झालेल्या पहिल्या ‘तेजस मार्क-१ए’ लढाऊ विमानाने १७ ऑक्टोबर २०२५ रोजी उड्डाण केले, तेव्हा महाराष्ट्रात त्याचे स्वागत साहजिकच अभिमानाने झाले. विमानाचा आराखडा आपला, उड्डाण नियंत्रणाची संगणक प्रणाली आपली; इंजिन मात्र अमेरिकेच्या जनरल इलेक्ट्रिक कंपनीचे. २०२१ मध्ये मागणी नोंदवलेल्या ९९ ‘एफ-४०४’ इंजिनांपैकी पहिले इंजिन हिंदुस्तान एरोनॉटिक्सच्या हाती पडायला मार्च २०२५ उजाडले. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये आणखी ११३ इंजिनांचा करार झाला. अधिक ताकदीचे ‘एफ-४१४’ इंजिन भारतातच बनवण्याची घोषणा २०२३ मध्ये झाली आणि तेव्हापासून ‘८० टक्के तंत्रज्ञान हस्तांतर’ हे शब्द सतत कानावर पडत आहेत. ही टक्केवारी नेमकी कशाची, हे मात्र फारसे कोणी विचारत नाही.

इंजिनाची चर्चा निघाली की ती बहुधा टर्बाइनच्या तप्त पात्यांपाशी येऊन थांबते. ती पाती बनवणे अवघड आहेच. तथापि इंजिनाच्या पुढच्या, तुलनेने थंड भागातही एक यंत्रणा आहे आणि परावलंबन म्हणजे काय, हे तिच्यावरून अधिक चांगले कळते. ही यंत्रणा काँप्रेसरमधील कोन बदलणाऱ्या पात्यांची.

काँप्रेसरमध्ये फिरत्या पात्यांच्या दोन रांगांमध्ये न फिरणाऱ्या पात्यांची एक रांग असते. टप्प्याटप्प्याने हवा दाबली जाते. परंतु पूर्ण वेगासाठी आखलेली ही रचना कमी वेगात बिनसते. पुढचे टप्पे जेवढी हवा आत घेतात, तेवढी मागचे टप्पे पुढे ढकलू शकत नाहीत. मग प्रवाह फाटतो, हवा उलटी उसळते आणि तोफ डागल्यासारखा आवाज होतो. अभियंते याला ‘सर्ज’ म्हणतात. त्यावर उपाय म्हणजे पुढच्या काही रांगांमधील पाती आपापल्या आसाभोवती वळवणे. इंजिन सुरू होताना ती मिटलेली असतात, वेग वाढेल तशी उघडत जातात. जनरल इलेक्ट्रिकमध्ये ही कल्पना गेऱ्हार्ड न्यूमन या जर्मनीत जन्मलेल्या अभियंत्याने तडीस नेली. १९५५ मध्ये प्रथम हवेत गेलेल्या त्यांच्या ‘जे-७९’ इंजिनाच्या काँप्रेसरमध्ये १७ टप्पे होते. त्याच्या तोंडाशी असलेली पाती आणि पुढच्या सहा रांगा वळवता येत. आजच्या ‘एफ-४०४’मध्येही अशी पाती आहेत.

प्रत्येक पात्याचा दांडा काँप्रेसरच्या कवचाबाहेर येतो. त्याला एक छोटी तरफ असते. अशा सर्व तरफा एका मोठ्या कड्याला जोडलेल्या असतात आणि ते कडे पिस्टन सरकवतो. पिस्टनला बळ मिळते ते बहुतेक वेळा दाबाखालच्या इंधनाचे. जुन्या इंजिनांमध्ये पाती कुठवर वळली, याची खबर एक लवचिक पोलादी केबल नियंत्रकापर्यंत नेत असे.

आता समजा, ही केबल तुटली. नियंत्रकाला खोटीच खबर मिळते आणि तो पाती एका टोकाला ढकलत राहतो. हे टोक कोणते, हे नशिबावर सोडता येत नाही. केबल तुटल्यावर तिचे टोक कोणत्या बाजूला खेचले जावे, हे तेथे बसवलेली एक स्प्रिंग ठरवते. आजच्या संगणकीय नियंत्रणातही तत्त्व तेच आहे. विजेचा संदेश पूर्ण थांबला, तर झडप मुद्दामच एका बाजूला झुकेल अशी तिची जुळणी केलेली असते.

प्रश्न आहे तो बाजू निवडण्याचा. पाती पूर्ण उघडी राहिली तर भर वेगात इंजिन चालू राहील. पण वैमानिकाने वेग कमी करताच सर्जचा धोका. पाती मिटली तर सर्ज टळेल. पण हवा अडेल आणि ताकद घटेल. आहे त्या जागी अडकवून ठेवली तर तेवढ्यापुरते निभावेल, थ्रॉटल हलवला की पंचाईत. दोन इंजिनांच्या प्रवासी विमानाला एका इंजिनाची ताकद घटणे परवडते. तेजसला एकच इंजिन आहे, त्याला ते परवडत नाही.

ही निवड चुकली तर काय होते, याचा दाखला ‘जे-७९’मध्येच सापडतो, पात्यांत नव्हे तर इंजिनाच्या मागच्या, लहानमोठ्या होणाऱ्या तोंडात. एकाच इंजिनाच्या ‘एफ-१०४’ विमानात ते तोंड इंजिनातील तेलाच्या दाबावर हलत असे. तेल गेले की आतल्या वायूच्या रेट्याने ते सताड उघडे पडे आणि इंजिन धडधडत असूनही विमानाची ताकद जाई. शेवटी संकटकाळी ते तोंड बंद करणारी स्वतंत्र व्यवस्था वैमानिकाच्या हाताशी द्यावी लागली.

अशा प्रसंगांतून कंपन्यांनी जे शिकून ठेवले, ते सुट्या भागांच्या नकाशांत असतेच असे नाही. नकाशावर स्प्रिंगचे माप मिळते; ती उलट बाजूला का बसवली नाही, हे मिळत नाही. ओडिशातील कोरापूटच्या कारखान्यात मिग-२१ची इंजिने परवान्याखाली कित्येक वर्षे तयार झाली. तरीही १९८९ मध्ये ‘कावेरी’ प्रकल्प मंजूर झाला, तेव्हा आपल्याला जवळजवळ मुळाक्षरांपासून सुरुवात करावी लागली. कावेरीत कोन बदलणारी प्रवेशपाती होती, स्वदेशी संगणकीय नियंत्रण होते. अपेक्षित ताकद न मिळाल्याने २००८ मध्ये ती तेजसपासून वेगळी करण्यात आली आणि तिच्या नावाने बोटे मोडणे रूढ झाले. प्रस्तुत प्रतिनिधीला ते अन्यायाचे वाटते. इंजिन कसकसे बिघडते, हे आपल्या अभियंत्यांनी पहिल्यांदा पाहिले ते कावेरीतच.

पुढच्या पिढीच्या विमानासाठी फ्रान्सच्या साफ्रान कंपनीबरोबर भारतातच इंजिन तयार करण्याची दिशा संरक्षणमंत्री राजनाथ सिंह यांनी ऑगस्ट २०२५ मध्ये जाहीर केली. त्या करारात टक्केवारीपेक्षा दोन गोष्टी पाहिल्या पाहिजेत. संदेश तुटल्यावर प्रत्येक भागाने कुठे जायचे, याचा तक्ता कोण लिहिणार आणि त्यामागची कारणे आपल्याला मिळणार की नाही, ही पहिली. दुसरी चाचणीची. मुद्दाम संदेश तोडून, मुद्दाम पाती अडकवून इंजिन उंचावरील विरळ हवेत चालवावे लागते. त्यासाठी २०१० मध्ये कावेरीला मॉस्कोजवळ नेऊन रशियाच्या आयएल-७६ विमानावर चढवावे लागले होते. नव्या इंजिनाची ही परीक्षा कोठे होणार, हे करारावर सही करण्यापूर्वी ठरायला हवे.