रंगाचे माप आणि वेगाची हौस

निवृत्त बँक अधिकाऱ्याला घरची मंडळी दोन कामांसाठी हमखास बोलावतात : ठेवीचे व्याज काढण्यासाठी आणि मोठ्या खरेदीपूर्वी ‘जरा नजर टाका’ असे म्हणण्यासाठी. मागील महिन्यात पुतण्याने मला दुकानात बोलावले ते दुसऱ्या कामासाठी. खरेदी होती संगणकाच्या मॉनिटरची. मात्र गल्ल्याशेजारी परत आलेली तीन पार्सले पाहिली आणि प्रश्न केवळ एका वस्तूच्या निवडीचा नाही, हे ध्यानात आले.

पुतण्याचे साड्यांचे दुकान आहे. दोन वर्षांपासून तो परगावच्या ग्राहकांना छायाचित्रे दाखवून माल पाठवतो. परत आलेल्या एका पार्सलवर तक्रार होती, ‘फोटोत हिरवी दिसली, आली ती निळी.’ ती साडी मोरपंखी होती. दुसरी तक्रार राणी रंगाची : फोटोत झळाळी, हातात फिकी. जाण्यायेण्याचा खर्च दुकानाच्या माथी पडतोच. शिवाय घडी मोडलेली साडी नवी म्हणून विकता येत नाही. याहून मोठे नुकसान म्हणजे, फसवणुकीचा हेतू नसतानाही ग्राहकाच्या मनात आपण फसवणारे ठरतो.

छायाचित्रे नीटनेटकी करण्याचे काम पुतण्याचा मुलगा करतो. तो अभियांत्रिकीच्या दुसऱ्या वर्षाला आहे आणि त्याला गाड्यांच्या शर्यतीच्या संगणकीय खेळांची आवड आहे. त्याने 240 हर्ट्झचा ‘गेमिंग’ मॉनिटर मागितला होता. वडिलांचे म्हणणे, ‘धंद्याच्या पैशांतून खेळ नको.’ मुलाचे म्हणणे, ‘पप्पा, फोटोही त्यावरच करीन की.’ शेवटी पुतण्या मला म्हणाला, “काका, तुम्ही आयुष्यभर कर्जाचे प्रस्ताव तपासलेत, आता हा एक तपासा.”

प्रस्ताव तपासताना आधी दुखणे कोठे आहे ते पाहावे, हा बँकेतील पहिला धडा. मी ती मोरपंखी साडी खिडकीपाशी दिवसाच्या उजेडात ठेवली आणि शेजारी नातवाचा लॅपटॉप उघडला. पडद्यावरचे सर्वच रंग मंद आणि निळसर होते. स्वस्त लॅपटॉपचे पडदे प्रमाणित रंगांपैकी बहुधा 60 टक्क्यांच्या आसपासच दाखवू शकतात. नातू बिचारा प्रामाणिकपणे त्या मंद पडद्यावर साडीसारखा रंग दिसेपर्यंत झळाळी वाढवीत होता आणि निळसरपणा घालवण्यासाठी पिवळा रंग मिसळत होता. ग्राहकाच्या चांगल्या मोबाइलवर तीच झळाळी भडक दिसली आणि तोच पिवळा रंग मोरपंखीला हिरवा करून गेला. तराजूचे पारडेच जड असेल, तर तोलणाऱ्याची सचोटी काय कामाची?

म्हणून आम्ही ठरवले की मॉनिटर घ्यायचा तो आधी माप म्हणून आणि मग खेळाचे साधन म्हणून.

रंगाचे प्रमाण माप अस्तित्वात आहे. ह्यूलेट पॅकार्ड आणि मायक्रोसॉफ्ट यांनी 1996 मध्ये ‘एसआरजीबी’ ही रंगपद्धती मांडली आणि 1999 मध्ये तिला आंतरराष्ट्रीय मानकाचा दर्जा मिळाला. महाजालावरील चित्रे साधारणतः याच मापाने दाखवली जातात. तेव्हा विक्रीसाठी छायाचित्रे करणाऱ्याने पाहावयाची पहिली गोष्ट म्हणजे मॉनिटर एसआरजीबीची पूर्ण, म्हणजे 99 ते 100 टक्के, व्याप्ती देतो काय. जाहिरातीत ‘125 टक्के एसआरजीबी’ असे लिहिलेले आढळले तर हुरळून जाऊ नये. तारणाच्या जमिनीचे एकूण क्षेत्रफळ मोठे असूनही आपल्याला हवा तो तुकडा तिच्या हद्दीबाहेर असू शकतो, तसाच हा प्रकार आहे. क्षेत्रफळासोबत व्याप्ती विचारावी.

दुसरा आकडा ‘डेल्टा ई’ नावाचा. असायला हवा तो रंग आणि पडद्यावर दिसतो तो रंग यांतील अंतर तो सांगतो. हे अंतर 1 च्या आसपास असेल तर डोळ्यांना ते जेमतेम कळते. सरासरी 2 च्या आत असल्यास साड्यांच्या कामाला पुरेसे. काही मॉनिटरसोबत कारखान्यातील तपासणीचा कागद येतो. तो नुसती शोभेची वस्तू समजू नये, वाचावा.

तिसरी बाब पॅनलच्या जातीची. ‘टीएन’ पॅनल वेगवान आणि स्वस्त, परंतु मान थोडी वरखाली केली तरी त्यावरील रंग बदलतात. रंगकामासाठी ते बाद. ‘व्हीए’ पॅनलचा काळा रंग गडद असतो, कारण त्याचे उजेड आणि काळोख यांचे प्रमाण 3000 ला 1 च्या घरात असते. मात्र वेगाने हलणाऱ्या गडद दृश्यांत त्यावर अनेकदा धुरकट शेपटी उमटते. ‘आयपीएस’ पॅनलमध्ये हे प्रमाण साधारण 1000 ला 1, म्हणून अंधाऱ्या खोलीत त्याचा काळा रंग किंचित राखाडी भासतो; पण बाजूने पाहिले तरी रंग टिकून राहतो. एकेकाळी आयपीएस मंद म्हणून खेळणारे ते टाळत असत. आज ती उणीव बव्हंशी भरून निघाली आहे, आणि म्हणूनच बाप-लेकाच्या भांडणाला तोडगा निघू शकला.

‘ओएलईडी’ पडदा दोन्ही कामांत उत्तम, यात शंका नाही. त्याचा प्रत्येक बिंदू स्वतंत्रपणे उजळतो आणि विझतो. परंतु एकच स्थिर आकृती तासन् तास राहिली तर तिचा डाग कायमचा उमटण्याचा धोका असतो. आमचा नातू छायाचित्रांचे काम करताना तीच पट्टी आणि तीच चौकट चार-चार तास उघडी ठेवतो. किंमतही जास्त. आम्ही तो मोह आवरला.

आता वेगाकडे वळू. 60 हर्ट्झचा मॉनिटर सेकंदाला 60 चित्रे दाखवतो, म्हणजे दर 16.7 मिलिसेकंदांनी एक. 144 हर्ट्झवर हा काळ 6.9 मिलिसेकंदांवर येतो आणि 240 हर्ट्झवर 4.2 वर. हे आकडे मी कागदावर मांडले आणि नातवाला म्हणालो, “पहिल्या पायरीत जवळपास 10 मिलिसेकंद वाचतात, दुसऱ्या पायरीत तीनही नाहीत. त्या तिघांसाठी रंगाचा पैसा कापायचा का?” बक्षिसांच्या स्पर्धांत उतरणाऱ्यांचे गणित वेगळे असेल, हौशी खेळाडूला 144 ते 180 हर्ट्झ पुरेसे आहेत. हिशेब त्याला पटला. ‘1 मिलिसेकंद प्रतिसाद’ ही जाहिरातही तपासून घ्यावी. हा आकडा बहुधा सर्वांत आक्रमक सेटिंगवर मोजलेला असतो आणि त्या सेटिंगवर हलत्या वस्तूंच्या कडांना विचित्र छटा दिसू लागतात. मात्र ‘अॅडॅप्टिव्ह सिंक’ची सोय जरूर असावी. संगणक चित्रे कमीअधिक वेगाने पाठवतो तेव्हा पडदा त्याच्याशी जुळवून घेतो आणि दृश्य मधेच फाटल्यासारखे दिसत नाही.

आकाराचा हिशेब सोपा आहे. 27 इंची पडद्यावर 1920 गुणिले 1080 बिंदू घेतल्यास इंचाला 82 च बिंदू पडतात आणि जरीची वीण खरखरीत दिसते. त्याच आकारात 2560 गुणिले 1440 घेतल्यास इंचाला 109 बिंदू मिळतात. ‘फोर-के’ त्याहून सुबक, पण त्यात 1440 च्या सव्वादोनपट बिंदू असतात आणि खेळताना तो सारा भार ग्राफिक्स कार्डवर येतो. मॉनिटरसाठी कार्ड बदलायचे आणि कार्डासाठी संगणक, ही साखळी थांबत नाही. आम्ही 27 इंच, 2560 गुणिले 1440, आयपीएस, 165 हर्ट्झ असा मॉनिटर निवडला. तो करासह ₹22,000 मध्ये बसला. खोक्यावर ‘एचडीआर 400’ची मोहोर होती, तिच्यासाठी वेगळे पैसे मोजण्याइतका फरक डोळ्यांना जाणवत नाही.

खरेदीनंतरची दक्षता खरेदीइतकीच महत्त्वाची. मॉनिटर जोडल्यानंतर नातू खुशीत होता, पण विंडोजच्या सेटिंगमध्ये पाहिले तर वेग 60 हर्ट्झवरच होता. कित्येक घरांत असे वेगवान मॉनिटर वर्षानुवर्षे मंद चालत असतील! योग्य डिस्प्लेपोर्ट केबल लावून सेटिंगमध्ये 165 निवडावे लागते. त्यानंतर मॉनिटरवर दोन स्वतंत्र सेटिंग करून ठेवली. पहिले कामाचे : एसआरजीबी, पांढरा रंग 6500 केल्व्हिन, उजेड चौरस मीटरला 120 कँडेलाच्या आसपास. दुसरे खेळाचे : उजेड आणि झळाळी त्याच्या मर्जीप्रमाणे. पडदा फार उजळ ठेवून काम केले तर छायाचित्र आपल्याला पुरेसे उजळ वाटते आणि ग्राहकाला काळपट दिसते. म्हणून ‘खेळाच्या सेटिंगवर साडीचा एकही फोटो करायचा नाही’ असा नियम घातला आणि नातवाने तो कागदावर लिहून भिंतीवर चिकटवला.

काळ लोटतो तसे मॉनिटरचे रंगही सरकतात. ते मोजून दुरुस्त करणारे कॅलिब्रेटर नावाचे छोटे उपकरण मिळते. वर्षातून चार-सहा वेळा लागणारी ही वस्तू एकट्याने कशाला घ्यावी? बाजारपेठेतील तीन-चार दुकानदारांनी मिळून एक घ्यावे आणि फिरवावे. पुतण्याने शेजारच्या दोघांना राजी केले आहे. आणि हेही ध्यानात असू द्यावे की छायाचित्रच पिवळ्या दिव्याखाली काढले असेल, तर निर्दोष मॉनिटरही ती चूक केवळ दाखवून देईल. म्हणून साडीचे पहिले छायाचित्र करड्या रंगाचे कार्ड शेजारी ठेवून घ्यावे, म्हणजे रंगाचा समतोल साधता येतो.

राहिला प्रश्न बिलाचा. पुतण्याच्या हिशेबनिसाने सुचवले, ‘बिल दुकानाच्या नावे घ्या, 18 टक्के जीएसटी वजावट मिळेल.’ वस्तू अंशतः धंद्यासाठी आणि अंशतः घरासाठी वापरली जाणार असेल, तर वजावट धंद्याच्या वाट्यापुरतीच घेता येते, असा कायदा आहे. खेळाचे तास कोण मोजणार आणि कोण लिहिणार? आम्ही बिल घराच्या नावे घेतले आणि वजावट घेतली नाही. नातवाने आपल्या बचतीतून ₹5,000 घातले. ‘धंद्याच्या पैशांतून खेळ नको’ हे वडिलांचे म्हणणेही राहिले.

मागील आठवड्यात पुन्हा दुकानात गेलो. तीच मोरपंखी साडी नव्याने छायाचित्रित करून ठेवली होती. खिडकीपाशी साडी, शेजारी पुतण्याचा मोबाइल, त्यावर ते चित्र. रंगांत मला फरक काढता आला नाही. परत येणारी पार्सले थांबलेली नाहीत. काठ आवडला नाही, पदर आखूड वाटला, अशी कारणे राहणारच. रंगाची तक्रार मात्र या महिन्यात एकही आली नव्हती. ग्राहकाचा मोबाइल कसा असावा हे आपल्या हाती नसते, म्हणून नातवाने प्रत्येक छायाचित्राखाली रंगाचे मराठी नाव आणि ‘मोबाइलनुसार छटेत किंचित फरक दिसू शकेल’ अशी ओळ घालण्यास सुरुवात केली आहे.

आपल्या वाडवडिलांच्या दुकानांत काटा ग्राहकाकडे तोंड करून ठेवण्याची रीत होती. आता ग्राहक समोर नसतो आणि काटा आपल्या खोलीत असतो. तो ठीक आहे की नाही, हे पाहण्याची जबाबदारी त्यामुळे सर्वस्वी आपल्यावर आली आहे. आपल्या घरातही छायाचित्रे पाठवून विक्री होत असेल, तर आज दुकानातील एखादी वस्तू खिडकीपाशी न्यावी आणि पडद्यावरील तिच्या चित्राशेजारी ठेवून पाहावी. या तपासणीला एक पैसाही लागत नाही.